डाऊन म्हणेपर्यंत

आये, मी वजन उचलायला लागले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला काय डोळे वटारायचे ते वटारून मोकळी हो. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू गेल्यालाही आता किती वर्षं झाली, तरी काही नवीन करायचं म्हटलं की आधी तुला विचारायची सवय काही सुटत नाही. वजन म्हणजे पाण्याचा हंडा नव्हे, लाकडाची मोळीही नव्हे. लोखंड. कंपनीतली शिफ्ट संपली की रोह्यातल्या एका जिममध्ये जाते, दोन्ही टोकांना जाड चकत्या लावलेली दांडी जमिनीवरून उचलते आणि परत तिथल्या तिथेच ठेवते. ती कुठे न्यायची नसते, कुणाच्या उपयोगाची नसते. तू असतीस तर म्हणाली असतीस, मग उचलतेस कशाला? गेले कित्येक दिवस मी त्याचंच उत्तर शोधते आहे, आणि खरं सांगायचं तर आता थकले आहे.

धरमतरच्या खाडीकडच्या मिठागरावर तू मीठ वाहायचीस. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मिठाने भरलेली टोपली, आणि बांधावरून एकीमागे एक चाललेल्या तुम्ही बायका. शाळेला सुट्टी असली की मी भाकरी घेऊन यायचे. एकदा तू पाणी प्यायला गेलीस आणि मी गंमत म्हणून तुझी चुंबळ डोक्यावर ठेवली. तुझ्याबरोबरच्या काकीने हसत हसत अर्धवट भरलेली टोपली वर चढवून दिली. मी मान ताठ करून, कंबर हलवत, हुबेहूब तुझ्यासारखी चालते आहे आणि सगळ्या बायका खिदळत आहेत. एवढ्यात तू धावत आलीस आणि टोपली अशी उडवलीस की मीठ सगळं चिखलात. मुकादम लांबून ओरडत होता, तू त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाहीस. "माझा डोका हाय ना भार घ्यायला? तुझा कशाला पायजे?" म्हणत माझ्या पाठीत धपाटा घातलास आणि मग मलाच घट्ट धरून उभी राहिलीस. त्यानंतर घरातसुद्धा मला कधी काही जड उचलू दिलं नाहीस. शेजारणी चिडवायच्या, "पोरीला राणी करतंस काय गो?" तू म्हणायचीस, "व्हय, करते. तुमच्या पोटात का दुखतंय?"

आणि केलंसही. मी शिकले, कंपनीच्या लॅबमध्ये लागले, लग्न होऊन रोह्याजवळ वरसे गावात आले. नोकरीत काचेच्या नळ्यांपेक्षा जड काही हातात येत नाही. पण सासूबाईंचं अर्धं अंग लुळं पडलं, आणि एक दिवस त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवताना माझी पाठ अशी धरली की मीच त्यांच्या शेजारी आडवी झाले. डॉक्टर म्हणाले, गोळ्या किती दिवस खाणार, अंगात जरा ताकद आणा. जिमचे सर पूर्वी स्वतः स्पर्धा खेळलेले. त्यांनी माहेरची चौकशी केली आणि मिठागराचं ऐकून एकदम खूश झाले. "मग काय, ताकद रक्तातच आहे की!" म्हणून त्यांनी रिकामी दांडी माझ्या खांद्यांवर दिली आणि खाली बसून उठायला सांगितलं. मी बसले. उठता काही येईना. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांना कसं सांगणार, की मिठागरवालीनेच मला एवढी नाजूक करून ठेवली आहे.

तरी जात राहिले. नवरा विचारायचा, या वयात आता कुस्ती मारणार का? सासूबाईंचं बोलणं अजून बोबडं आहे, पण टोमणा बरोबर बसतो. "मला उचलताना कण्हतंस, नि तिकडं पैसे भरून उचलतंस व्हय गो?" मला हसू आलं, आणि पटलंही. पुढे सर म्हणाले, पेणला जिल्ह्याची स्पर्धा आहे, चाळिशीच्या पुढच्या बायकांचा वेगळा गट आहे, नाव देऊया. पेण म्हणजे आपलं पेण. तिथल्या बाजारात अजून तुला ओळखणारी माणसं भेटतात. तू मान मोडेपर्यंत राबून जे माझ्यापासून लांब ठेवलंस, तेच मी तुझ्या गावात, चार लोकांसमोर, हौसेने उचलायचं? हरण्याची मला भीती नव्हती. मी तुझ्या कष्टांची थट्टा तर करत नाही ना, या विचाराने मात्र जेवण जाईना. शेवटी गेले, ती नाही म्हणायचासुद्धा कंटाळा आला म्हणून.

सकाळी आधी आमचं स्वतःचंच वजन केलं. अंगाला घट्ट बसणारा तो पोशाख घालून हॉलमध्ये उभी आहे आणि हात कुठे ठेवावेत तेच कळत नाही. खांद्यावर वजन घेऊन बसून उठायचं ते झालं, बाकावर आडवं पडून ढकलायचं तेही कसंबसं झालं. शेवटचा प्रकार जमिनीवरून उचलायचा. हा मला सगळ्यांत चांगला येतो. नियम साधा आहे: उचलून सरळ उभं राहायचं, समोरचा पंच हात खाली करून "डाऊन" म्हणाला की मगच ठेवायचं. मी उचललं आणि ठेवून दिलं. लाल दिवे, म्हणजे बाद. पंच बोललेच नव्हते. दुसऱ्यांदाही तेच. आता एकच संधी, आणि तीही गेली तर आधीचं सगळं बाद, सबंध दिवस शून्य. सर जवळ आले. "ताई, ठेवायची एवढी घाई कसली? वजन पळून चाललंय काय?" दूध उतू जायच्या आत गॅस, गॅस बंद करायच्या आत सासूबाईंची हाक, हाकेला ओ द्यायच्या आत कंपनीची बस. गेली कित्येक वर्षं हातात एक काम असताना माझा जीव पुढच्या कामात असतो. हे पंचांना सांगून काय उपयोग होता!

तिसऱ्या वेळी उचललं. गुडघे सरळ झाले, खांदे मागे गेले. समोर पंचांचा हात वर. दांडी बोटांतून निसटू बघते आहे, कानांत काहीच ऐकू येत नाही, आणि मी नुसती उभी आहे. मग हात खाली आला. "डाऊन." मी सावकाश ठेवलं. पांढरे दिवे लागले. सर लहान मुलासारखे उड्या मारत होते. माझ्या गटात मी शेवटची आले, तरी त्यांनी मला मिठाई चारली. घरी येऊन सासूबाईंची चादर बदलली, कुकर लावला, पाय सुजले होते ते पाण्यात घालून बसले.

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या मैत्रिणीला सगळं सांगितलं. तिला तुझं मिठागर ठाऊक आहे. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "ते वजन धरून उभी होतीस तेव्हा आईच डोळ्यांपुढे असेल ना गं?" मी मान हलवून हो म्हटलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगते. नाही आलीस, आये. तू नव्हतीस, सासूबाई नव्हत्या, घर नव्हतं, कुणीच नव्हतं. तेवढा वेळ मी कुणाचीही कुणी नव्हते, आणि इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. उद्या शिफ्ट संपली की परत जाणार आहे.