कालेर्वोचं धूड

कोस्किला, २३ जानेवारी १९८४

ती. इर्याताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र आणि मोजे मिळाले. मोजे मीच घातलेत, पण पायात चढवले राइलीने, कारण मला वाकता येत नाही. पाठीने पुरता संप पुकारलाय. डॉक्टरांनी बजावलंय की दुधाच्या बादलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. राइली म्हणते की तेवढीही मी कधी उचलली नव्हती, तेव्हा फारसं बिघडलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. माझ्या बेस गिटारला लावतो त्या कालेर्वोभावजींच्या अ‍ॅम्पला अपघात झाला. तुला ठाऊक आहे, व्हॉल्व्हचं यंत्र कडक थंडीतून आणलं की लगेच सुरू करायचं नसतं, आत दव धरतं. म्हणून मी तो नाचाच्या आदल्या दिवशीच घरात आणून ठेवतो. या वेळी पाठीमुळे ते काम आपल्या बँडमधल्या ओइवाकडे गेलं. ड्रमवाला माणूस, डोकं कमी आणि उत्साह फार. बाहेर उणे अठ्ठावीस, म्हणून त्याला वाटलं साउना अजून कोमट आहे, तिथेच ठेवावा. विचार चांगला होता. पण संध्याकाळी त्याच साउनात त्याने पुन्हा जाळ केला आणि ठेवलेलं विसरून स्वतःच जाऊन बसला. अंधारात बाकावर शेजारी कोणीतरी रुंद पाठीचं बसलंय, तो मीच, असं समजून तो त्याच्याशी बर्फाबद्दल बराच वेळ बोलला. उत्तर आलं नाही, पण माझ्याकडून तो उत्तराची अपेक्षा करतच नाही. मग त्याने तापल्या दगडांवर डाव भरभरून पाणी ओतलं.

शनिवारी हॉलमध्ये बटण दाबलं तर फाट्‌कन आवाज, धूर, आणि केस जळल्यासारखा वास. याल्मारीने सगळा नाच एकट्या अ‍ॅकॉर्डियनवर ओढला. दुरुस्तीवाला म्हणतो, होईल नीट. पण ओइवा आणि याल्मारी म्हणतात, बेचाळीस किलोंचं हे ओझं किती वर्षं वाहायचं, आता हातात धरून नेता येईल असा घे.

ताई, वस्तू भावजींची आहे. तुझ्या शब्दाशिवाय मी ती हलवणार नाही. माझ्या पाठीचा विचार करू नकोस, भावजींचाही नको. स्वतःपुरता विचार कर आणि काय वाटतं ते लिही.

राइलीचा नमस्कार. लोभ आहेच, तो माझ्या पाठदुखीसारखा चिवट राहो.

तुझा,
टाउनो

&nbsp;

बोरोस, ६ फेब्रुवारी १९८४

चि. टाउनोस,
अनेक आशीर्वाद.

ओइवाची हकीकत वाचून मी इतकी हसले की कॉफी सांडली. त्याला सांग, बर्फाबद्दल इतकं ऐकून घेणारा माणूस त्याला या जन्मी पुन्हा भेटणार नाही.

अ‍ॅम्पचं विचारलंस, तर विकून टाक. कोणी घेत नसेल तर सरपणाला फोड. तुला वाटत असेल मी आठवण म्हणून तो तुला दिला. अरे, मला घर मोकळं करायचं होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि दर शनिवारी क्लबात नाच. वरचं टोक कालेर्वोकडे, खालचं माझ्याकडे. दिवसभर गिरणीत मागावर उभं राहायचं आणि संध्याकाळी हे धूड वाहायचं. घरात त्याला जागा नव्हती म्हणून स्वयंपाकघरात ठेवला, तर जेवणाचं टेबल भिंतीला लावावं लागलं. मी शेकडो वेळा म्हटलं असेन की त्याच दुकानात इतरांनी हलके अ‍ॅम्प घेतले, तुलाच कसली हौस. तो नुसता हसायचा. फार चांगला नवरा होता, पण या एका बाबतीत त्याचं डोकं फिरलेलं होतं.

तेव्हा माझ्यासाठी म्हणून पाठ मोडून घेऊ नकोस. माझा शब्द मोडला असं होणार नाही, मीच सांगते आहे.

युहान्नुसला, ऐन उन्हाळ्याच्या सणाला, येते आहे. लाव्यावरच्या, त्या उन्हाळी लाकडी मंचावरच्या, नाचाला मी असणार, जोडे आत्ताच काढून ठेवलेत. वर्षभर मी त्या एका रात्रीवर जगते हे तुला माहीत आहे. येण्याचं पत्राने कळवीन, फोन करू नका. फोनवर बोलणं मला आवडत नाही, सगळं अर्धवट राहतं.

राइलीला प्रेम. पाठ सांभाळ, आणि मोठ्या बहिणीचं ऐकत जा.

तुझी,
इर्याताई

&nbsp;

कोस्किला, २९ एप्रिल १९८४

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

नदीवरचा बर्फ फुटला, शेतात सारस उतरले, आणि तुमच्या भावाने अखेर अ‍ॅम्प घेतला. तिन्ही गोष्टींना सारखाच वेळ लागला.

सेइनायोकीच्या दुकानात मी बरोबर होते. टाउनोने आपला जुना बेस घोंगडीत गुंडाळून नेला, का तर म्हणे अनोळखी गिटारवर अ‍ॅम्पची परीक्षा होत नाही. विक्रेता तरुण आणि गोड बोलणारा. त्याने एक लालभडक नवा बेस गळ्यात अडकवला आणि सांगितलं की याच्या तारा घंटेसारख्या वाजतात. टाउनोने दोन-चार सूर काढले आणि तो परत दिला. म्हणाला, मला घंटा नको, मला कोणाच्या लक्षात न येता पाठीमागे उभं राहायचंय. त्याच्या बेसवर गुळगुळीत तारा आहेत आणि त्या मी नवी नवरी होते तेव्हाच्या असाव्यात. त्या बदलायचं नाव काढलं की तो माझ्याकडे असा बघतो, जणू मी कुत्रा विकायला काढलाय.

अ‍ॅम्प मात्र चांगला मिळाला. मी एका हातात तो आणि दुसऱ्या हातात अंड्यांची टोपली घेऊन घरात येते. आवाज स्वच्छ आहे. याल्मारी खूश, ओइवा खूश, डॉक्टर खूश.

पण वन्सं, एक गोष्ट मला कळत नाही. जुना त्याने विकला नाही. गुपचूप दुरुस्त करून आणला आणि साउनाच्या बाहेरच्या खोलीत उभा केलाय. मी त्यावर टॉवेल वाळत घालते. विचारलं तर म्हणतो, युहान्नुस होऊ दे, मग बघू. तुम्हीच विक म्हणालात ना? तुमच्या बाबतीत काही असलं की तो असा तोंडाला कुलूप लावून बसतो.

परवा न राहवून मी तुम्हाला फोन केला होता. मी तुमच्या त्या दुखऱ्या गुडघ्याचं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, छान, छान, बोटीने येते, आणि ठेवून दिलात. लाइन खराब असेल. गुडघा कसा आहे ते पत्रात लिहा.

तुम्ही आलात की साउना होईल, आणि शपथ, आत फक्त माणसं असतील. आठवण ठेवत जा, आम्ही ठेवतोच.

आपली,
राइली

&nbsp;

बोरोस, २ जुलै १९८४

चि. टाउनो आणि सौ. राइलीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. दारातल्या बर्चच्या फांद्या, नवे बटाटे, तू धुरी दिलेला मासा, सगळं अजून जिभेवर आहे. राइली, गुडघा बरा आहे.

नाचही छान झाला. नवीन अ‍ॅम्पचा आवाज स्वच्छ आहे असं सगळे म्हणत होते, तसाच असणार. मी बाकावर बसून राहिले ते जोडा चावत होता म्हणून. ओइवाने दोनदा येऊन विचारलं, त्याला दोनदा परत पाठवलं, बिचाऱ्याला वाईट वाटलं असेल. त्याला समजाव.

खरं म्हणजे आता नाच पुरे झाला असं ठरवते आहे. वय झालं. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात न येता सरळ नाताळला येईन म्हणते, तेव्हा घरात बसूनच असतो सगळे. तिकीटही तेव्हा स्वस्त पडतं.

तब्येतीला जपा. माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
इर्याताई

&nbsp;

कोस्किला, ११ जुलै १९८४

ती. इर्याताईस,
शि. सा. न. वि. वि.

जोडा चावत नव्हता. मी वाजवत होतो, पण डोळे तुझ्याकडेच होते. तू जोडे काढलेस, एक पाऊल फळ्यांवर ठेवलंस, मग दुसरं, थोडा वेळ तशीच बसलीस आणि जोडे परत घातलेस. तुझा चेहरा मला बघवला नाही. पुढच्या गाण्यात मी दोनदा चुकलो.

आता मी एक शब्द मोडणार आहे. भावजी असते तर त्यांनी परवानगी दिली असती.

तो अ‍ॅम्प घेतला तेव्हा मी तुमच्याकडे राहायला आलो होतो, आठवतं? तू गिरणीत पाळीवर गेलीस आणि भावजी मला ग्योटेबोर्गला घेऊन गेले. दुकानात ते एकेक अ‍ॅम्प सुरू करायला लावायचे, मला बेसवर सगळ्यात खालचा सूर धरून ठेवायला सांगायचे, आणि स्वतः जोडे काढून, दोन्ही कान हातांनी घट्ट दाबून मोज्यांवर दुकानभर फिरायचे. दुकानदाराला वाटलं, गडी प्यायलाय. मलाही तेच वाटलं. चांगले, हलके, देखणे अ‍ॅम्प त्यांनी नाकारले. या धुडापाशी आले, थांबले, लांब दारापर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, हाच.

मी म्हटलं, हा उचलायला घोडा लागेल. तेव्हा ते म्हणाले की इर्याला ऐकू येईनासं झालंय. मागांनी तिचे कान खाल्ले. ती कोणाला सांगत नाही, म्हणून मी विचारत नाही. पण नाचताना ती पायांनी ऐकते, जमीन हलली की तिला ताल सापडतो. आणि मला म्हणाले, तिच्यापाशी बोललास तर याद राख.

म्हणून मी जानेवारीत तुला स्वतःपुरता विचार करायला सांगितलं. तू इतक्या जोरात विक म्हणालीस की मला वाटलं, कानाला यंत्र बसवलं असशील आणि आता गरज उरली नसेल. तरी धीर झाला नाही, म्हणून दुरुस्त करून ठेवला. नवीन अ‍ॅम्प आम्ही खुर्चीवर ठेवतो. तू गेल्यावर मी तो जमिनीवर ठेवला, याल्मारीला बेसवर सूर धरायला लावलं आणि मोजे काढून उभा राहिलो. काही नाही, ताई. मेलेली लाकडं.

मग जुना आणला. मी नाही उचलला, ओइवा आणि याल्मारीने. मला काहीच न विचारता दोघांनी तो लाव्यावर नेला, आणि तुझ्या बाकापाशी मी अनवाणी उभा राहिलो. टाचेपासून गुडघ्यापर्यंत कळत होतं.

त्या दोघांना मी कारण सांगितलेलं नाही. ते सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव. नाताळला ये, जरूर ये. पण वय झालं म्हणून नाच सोडते, असलं मला लिहू नकोस.

रागावलीस तर रागाने लिही, पण लिही.

तुझा,
टाउनो

&nbsp;

बोरोस, २५ जुलै १९८४

चि. टाउनो, सौ. राइली, चि. ओइवा आणि श्री. याल्मारी, सगळ्यांस,
यथायोग्य आशीर्वाद आणि नमस्कार.

टाउनो, हे पत्र सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखव.

तुझं पत्र वाचून आधी मला कालेर्वोचा फार राग आला. इतकी वर्षं त्याने माझी कुरकुर ऐकून घेतली आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. मग लक्षात आलं की मीही काढला नव्हता. एका घरात राहून आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो, आणि ती दोघांनाही ठाऊक होती. खूप रडले. रडून झाल्यावर मात्र इतकं हलकं वाटलं, जितकं तो गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

तर ऐका. मला ऐकू येत नाही. डाव्या कानाने काहीच नाही आणि उजव्याने थोडंसं. राइली, फोनची लाइन चांगली होती. माझ्या गुडघ्याला कधीच काही झालेलं नाही, हाक ऐकू आली नाही की मी त्याचं निमित्त सांगायचे; फोनवर तू कशाबद्दल विचारतेस ते मला पत्र आल्यावर कळलं. ओइवा, तुला दोनदा परत पाठवलं कारण तालाशिवाय मी तुझ्या पायांवर नाचले असते.

ऑगस्टअखेर लाव्यावरचा शेवटचा नाच असतो. मी येते आहे, तिकीट काढलं. कालेर्वोचा अ‍ॅम्प जमिनीवर असू द्या. टाउनोने त्याला बोटही लावायचं नाही. खालचं टोक मी धरीन, मला सवय आहे, वरचं कोणी धरायचं ते तुम्ही ठरवा. नवीन अ‍ॅम्प राइलीला अंडी आणायला ठेवा.

एक विनंती आहे. मला मागून हाक मारू नका, मी वळणार नाही आणि तुम्हाला वाटेल म्हातारी गर्विष्ठ झाली. खांद्याला हात लावा. नाचायला विचारायचं असेल तर समोर उभं राहून, ओठ नीट हलवून विचारा, मी नाही म्हणणार नाही. आणि बायकांनी विचारायची फेरी लागली की मी स्वतः येईन, तेव्हा कोणी दाराकडे पळायचं नाही.

लोभ असावा. आणि असला, तर माझ्या समोर येऊन सांगावा, ही विनंती.

तुमची,
इर्या