पानभर पत्राचं चारशे पानी भाष्य

ती. मामा,

सप्रेम नमस्कार. पाठ कशी आहे? मामी म्हणाली, हल्ली बाइंडिंगच्या दुकानात तुम्ही एकटेच वाकून वाकून पुस्तकं शिवता. आई म्हणते विचारू नकोस, चिडेल. तरी विचारतेय.

चर्चमधल्या रविवारच्या ग्रुपमध्ये मला बायबलमधल्या पौलाच्या एका पानभर पत्रावर दहा मिनिटं बोलायचं होतं. तुझ्या पळालेल्या गुलामाला परत घे, आणि आता गुलाम नाही, भाऊ म्हणून घे, असं त्याने मित्राला लिहिलंय. टॉपिक मीच मागून घेतला. का ते तुम्हाला कळलंच असेल. दादाने शंभर पुस्तकांना उलटी कव्हरं चिकटवली, तुम्ही गिऱ्हाइकासमोर त्याला गाढव म्हणालात, तो एप्रन काढून घरी आला, त्याला चार महिने झाले. अजून कुठलंही पुस्तक दिसलं की आधी शिवण तपासतो. म्हटलं, पौलाने कसं जमवलं ते शिकावं आणि तुम्हाला तसंच पत्र लिहावं.

म्हणून तर त्या पत्रावरचं तुमच्याकडचं ते जाडजूड भाष्य मागून नेलं. नुसत्या नमस्कार-चमत्कारावर साठ पानं! लायब्ररीतलं दुसरं भाष्य म्हणतं, पहिल्याचं सगळं चूक. तिसरं म्हणतं, तो पळालाच नव्हता. (हे दादाला सांगितलं, तर म्हणाला, "मीपण पळालो नाही, चालत आलो.") एका फूटनोटच्या मागे लागले, ती जर्मनमध्ये निघाली. रविवारी बोलताना दहा मिनिटांत मी नमस्काराच्या पुढे गेलेच नाही. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "बाळा, मूळ पत्र वाचलंस का गं?"

मामा, नव्हतं वाचलं. घरी येऊन वाचलं, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पौलाला हुकूम करता आला असता, तरी त्याने फक्त मागितलंय. मीही मागते. दादाला परत घ्या.

तुमची भाची

ता. क. बहुतेक भाष्यकार म्हणतात, ते पत्र तो गुलामच घेऊन गेला होता. म्हणून हे पुस्तकात घालून, वर कागद बांधून दादाकडेच दिलंय. त्याला वाटतंय, तो फक्त तुमचं पुस्तक परत द्यायला आलाय. दारातूनच सटकेल, लक्ष ठेवा.

आणखी एक ता. क. पुस्तकाची शेवटची ऐंशी पानं सुटलीत. मीच सोडवली, ब्लेडने, एकही पान न फाडता. एवढं जाड पुस्तक एकट्याने शिवता येत नाही, एकाला धरावं लागतं, असं तुम्हीच म्हणायचात. मला फोनवर काय झाडायचं ते सावकाश झाडा, आधी त्याला आत बोलवा.