खुर्ची पोचली, मी मागाहून

किलव्हॅरा,
रविवार, जेवणं उरकल्यावर

ती. डेलियाताईस,

मॅलकीचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन अंगं पोलिओने पाचव्या वर्षीच रजेवर पाठवली, ती अजून रुजू झालेली नाहीत; तेव्हा सहांवर भागवून घे.) तुझी तब्येत, लीड्सचा पाऊस आणि तुझ्या वरच्या मजल्यावरचा तो पहाटे कर्णा वाजवणारा मनुष्य, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. इकडे मी ठणठणीत. कुत्र्याचं पोट बिघडलं होतं, आता बरं आहे. नाताळला यंदाही येणं जमत नाही, त्या दिवसांत समुद्रावरची हवा वाईट असते, असं तू लिहिलंस ते वाचलं. सलग चौथं वर्ष ही हवा नेमकी नाताळातच बिघडते आहे. तू नसलीस की माझा नाताळ म्हणजे मी, कुत्रा आणि शेजारच्या ब्रिडी मॅकनल्टीने कुंपणावरून सरकवलेली कोरडी टर्की. यंदा तू यावंस असं मला फार वाटत होतं. पण हवेपुढे कुणाचं चालतं?

पत्रास कारण, माझी लूर्दची यात्रा. तीस वर्षं तू माझा पिच्छा पुरवलास, 'एकदा माउलीच्या पायाशी जाऊन ये, तिथल्या झऱ्याच्या पाण्याने लुळेही चालू लागतात', म्हणून शेवटी गेलो. माझी श्रद्धा किती ते तुला माहीत आहे. खरं सांगायचं तर मला ओढ होती ती विमानाची. आपल्या यात्रेच्या विमानात चाळीस चाकाच्या खुर्चीवाले होते, ताई! एरवी मी एकटा असतो आणि अख्खं विमान माझ्यामुळेच खोळंबल्यासारखं माझ्याकडे बघतं. इथे खोळंबा करणाऱ्यांचंच बहुमत. धडधाकट माणसं अंग चोरून बसली होती आणि आम्ही ऐटीत.

आपल्याला चालता येत नाही हे विमानवाल्यांना अठ्ठेचाळीस तास आधी कळवावं लागतं. (मला ते सहासष्ट वर्षं आधीपासून ठाऊक होतं, पण त्यांना तेवढ्या जुन्या बातम्या चालत नाहीत.) कळवलं तरी जो तो एकच प्रश्न विचारतो, चार पावलं टाकता येतील का? फोनवर विचारलं, दारात विचारलं, सामान देताना विचारलं. तपासणीला माझे बूट काढून घेतले. अकरा वर्षांचे बूट आणि तळ नवाकोरा, हे बघून तिथल्या गृहस्थाला इतका संशय आला की त्याने ते दोनदा यंत्रातून फिरवले. विमानाच्या दाराशी पुन्हा तोच प्रश्न आला तेव्हा मी म्हणालो, 'येतील की, तुमची उसनी चालत असतील तर.' पुढे विमानातल्या चिंचोळ्या वाटेसाठी एक तशीच चिंचोळी खुर्ची असते, तीवर छातीपासून घोट्यापर्यंत पट्टे आवळून आपल्याला पार्सल करतात. एकदा पार्सल झालं की आपल्याशी कुणी बोलत नाही. जे विचारायचं ते सोबतीला आलेल्या ब्रिडीला, कारण ती शेजारी उभी असते. 'यांना पाणी देऊ का?' असं हवाईसुंदरीने विचारलं. ब्रिडी म्हणाली, 'नको गं बाई, मग पंचाईत होते!' होते हे खरं आहे, विमानातल्या संडासात मी मावत नाही. पण तहान माझी होती.

लूर्दचं सगळं फोनवर सांगेन. झऱ्याच्या पाण्यात बुडवून काढलं, पाणी फार गार होतं. तुझ्या नावाने मोठी मेणबत्ती लावली. माझ्या पायांनी कसलीही हालचाल केली नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

येताना नियम असा की आम्हाला विमानात सगळ्यांत आधी चढवतात आणि सगळ्यांत शेवटी उतरवतात. आम्हाला उतरवायला एक खोलीसारखी गाडी उचलली जाऊन दाराशी येते, तीत एका वेळी चौघे मावतात. चाळीस माणसं, चार-चार करून, आणि ड्रायव्हर एक. हिशोब तूच कर. खाली एकोणचाळीस खुर्च्या मालकांची वाट बघत ओळीने उभ्या होत्या. चाळिसावी, म्हणजे माझी, कुणा शहाण्याने सामानाबरोबर धाडून दिली होती. खुर्ची नाही म्हणून माझा नंबर अगदी शेवटी गेला. दीड तास मी रिकाम्या विमानात बसून सीटच्या खिशातली सूचनापत्रिका वाचत होतो. आपत्काळात पायांनी कसं घसरावं ते मला आता तोंडपाठ आहे.

तिकडे ब्रिडी केव्हाच उतरली होती. बॅग घ्यायला गेली तर मोठ्या सामानाच्या दारातून माझी खुर्ची बाहेर आली, पाठीवर लाल-हिरवा स्कार्फ, बसायच्या जागी माझी टोपी. इथे-तिथे पाहिलं, मॅलकी नाही. मग तिने आपल्या दोन्ही बॅगा खुर्चीत घातल्या (तिथपर्यंत तिला खुर्चीचा उपयोगच दिसला, चमत्कार नाही) आणि ढकलत बाहेर आली. बाहेर निम्मं किलव्हॅरा फुलं घेऊन उभं होतं. फादर लोरकननी विचारलं, 'मॅलकी कुठे आहे?' ब्रिडी दमलेली, चहाची वेळ टळलेली. ती वैतागून म्हणाली, 'मला काय ठाऊक? गेला असेल चालत!'

बस्स. एक बाई मटकन खाली बसली. कुणीतरी जपमाळ सुरू केली. फादर म्हणत होते, 'थांबा, आधी डॉक्टरांचं मत घेऊ', पण तोवर चर्चच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रिकाम्या खुर्चीचा फोटो गेला होता आणि गावात भर साडेतीनला घंटा वाजत होती. सगळ्यांत कमाल केली खाटीक टॉमी लावेलने. चर्चसमोरची माझी ती अपंगांसाठी राखलेली निळी जागा! घंटा थांबायच्या आत त्याने आपली व्हॅन तिथे लावली.

आणि मग मी आलो. विमानतळाच्या एका करकरणाऱ्या खुर्चीतून, टोपीशिवाय, तहानेने व्याकूळ. जपमाळ मधेच थांबली. जसा गेलो तसाच परत आल्याबद्दल इतक्या लोकांची इतकी निराशा मी आयुष्यात केली नव्हती. फादर वाकून हळूच म्हणाले, 'मॅलकी, अगदीच... काहीच नाही?' मी म्हणालो, 'फादर, सर्दी झाली आहे.' ब्रिडी मात्र फणकारली, 'मेल्या, दोन पावलं टाकली असतीस तर काय बिघडलं असतं? माझी लाज तरी राहिली असती!'

एवढी मंडळी चिडून घरी जातील असं मला वाटलं. पण आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग फादर हसले, मग खुर्ची ढकलायला माणसांची चढाओढ लागली आणि मला वाजतगाजत गाडीपर्यंत नेलं. चमत्कारासाठी गावात केलेल्या केकचे मी दोन तुकडे खाल्ले. ताई, सांगायचं ते एवढंच की या गावाला खुर्चीत बसलेल्या माणसाचं काहीही वाटत नाही. ते आता फक्त ब्रिडीला हसतात.

तुझा धाकटा,
मॅलकी

ता. क. हवेचं मला कळलं. रोझलीनने सांगितलं. (लेकीला रागावू नकोस, मीच फोनवर खोदून विचारलं.) हवा उत्तम आहे, गुडघे गेलेत तुझे. विमानतळावर तेवढं चालवत नाही आणि खुर्चीत बसून किलव्हॅऱ्यासमोर यायचं नाही, म्हणून चार वर्षं तू घरी आली नाहीस. हे ऐकून मला रडू आलं. मग तुझा भयंकर राग आला.

ता. क. २. रागाच्या भरात मी तुझं तिकीट काढलं. एकवीस डिसेंबर, सकाळचं विमान. ते परत होत नाही. खुर्चीही सांगून ठेवली. फोनवरच्या बाईने विचारलं, 'त्यांना चार पावलं टाकता येतील का?' मी ठणकावून 'नाही' सांगितलं. हे खोटं आहे, पुढच्या शनिवारी पापनिवेदनात कबूल करीन. तूही 'नाही'च म्हण. एकदा 'हो' म्हटलंस की हे लोक अख्खा विमानतळ चालायला लावतात.

ता. क. ३. आता लाजेबद्दल. बाबांच्या सरपणाच्या हातगाडीत घालून तू मला सात वर्षं शाळेत नेलंस, आणि उतारावर मुद्दाम हात सोडायचीस. सगळं गाव बघायचं. तुला कधी लाज वाटल्याचं मला आठवत नाही. मला एकदा वाटली होती, मी येत नाही म्हणून तोंड झाकून बसलो, तर तू मला ओढ्याकाठी गाडीसकट ठेवून निघून गेलीस. दहा मिनिटांनी परत येऊन विचारलंस, 'झाली का लाज वाटून?'

चार वर्षं थांबलो, ताई. झाली का?