उत्तर येईपर्यंत पुसायचं नाही

गुरुजी, आज मी तुमच्यावरच चिडून लिहायला बसलेय. विचारायची ही खोड तुम्हीच लावलीत आणि तुम्ही गेलात निघून. तुम्हाला जाऊन कैक वर्षं झाली, तुमच्या शाळेवर नवा पत्रा चढला, चावडीची ग्रामपंचायत झाली, अन् मी या वयात माझ्या पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यापाशी उभी राहून गिऱ्हाइकांकडून ऐकून घेतेय, "मावशी, तुमाला कशाला नसत्या उठाठेवी?" माझं उत्तर तयार असतं, पण गिरणीच्या आवाजात ते कुणाला ऐकू जात नाही. बंद केल्यावर ऐकायला कुणी थांबत नाही.

चावडीच्या भिंतीवरचा तुमचा फळा आठवतो? आठवत असणारच, काळा रंग तुम्ही स्वतःच्या पगारातून देत होतात. सकाळच्या रेडिओवरच्या बातम्या ऐकून तुम्ही सायकल घेऊन यायचात आणि डाव्या अंगाला बातम्या लिहायचात. उजवं अंग गावाचं. तिथं कुणीही काहीही विचारावं, नाव घालायची गरज नाही. रेशनची साखर कधी येणार? लोहाऱ्याला जाणारी दुपारची एसटी का बंद केली? ज्याला लिहिता येत नव्हतं तो तुम्हाला सांगायचा आणि तुम्ही त्याच्याच शब्दांत लिहायचात, एकदा तर एका म्हातारीची शिवीसुद्धा तशीच लिहिली होतीत. ज्याच्याकडं उत्तर असेल त्यानं शेजारी लिहायचं. मग तलाठी असो, नाहीतर सरपंच. आणि उत्तर येईपर्यंत पुसायचं नाही, हा एकच नियम.

तो नियम मला कसा कळला तेही सांगते. मी सातवीत आहे. तुमची छडी गावभर प्रसिद्ध. शाळा सुटल्यावर मी फळ्यावर लिहिते, "गुरुजी इतकं का मारतात?" आणि घरी येऊन बसते. जेवण जात नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच धावत जाऊन फ्रॉकच्या टोकानं ते पुसून टाकते, आणि मागं वळते तर तुम्ही सायकल धरून उभे! मला वाटलं, आता माझी धडगत नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "कुणी पुसायला सांगितलं तुला? उत्तर आलं का?" रडत रडत परत लिहायला लावलंत. प्रश्न दोन दिवस तसाच राहिला, सगळ्या गावानं वाचला, हसलं. तिसऱ्या दिवशी शेजारी तुमच्या अक्षरात उत्तर होतं, "राग आवरत नाही म्हणून. चुकतं. आजपासून छडी बंद." आणि छडी खरंच बंद झाली. माझ्या लग्नात लोकांनी भांडी आणली, तुम्ही रंगीत खडूची पेटी आणलीत. सासरची माणसं केवढी हसली होती! सासर गावातलंच, त्यामुळं ते हसणं मला पुढं बरीच वर्षं ऐकावं लागलं.

आता ऐका इथलं. माझ्या नातीला कावीळ झाली. चार वर्षांचं लेकरू, डोळे हळदीसारखे पिवळे, घोटभर पाणी पोटात ठरेना. आमच्या आळीत आणखी काही घरांत तेच. लोहाऱ्याच्या डॉक्टरनं विचारलं, "टाकीचं पाणी तपासलंय का?" तपासलं होतं की! तपासणीवाले बाटल्या भरून नेताना म्या या डोळ्यांनी बघितलं होतं. मग निकाल काय आला? एवढंच विचारायचं होतं हो. पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हो का नाही.

ग्रामपंचायतीचा फोनवर ग्रुप आहे. तोच आताचा फळा म्हणायचा. त्यावर रोज गुलाबाची फुलं येतात, वाढदिवस येतात, कुठल्या कुठल्या देशातल्या लढाया येतात. मी तिथं लिहिलं, "टाकीच्या पाण्याच्या तपासणीत काय निघालं?" दुपारपर्यंत मला ग्रुपमधून काढून टाकलं होतं. बरं, पाणी कधी सुटणार हे त्याच ग्रुपवर येतं, म्हणजे आता मला नळाची वेळसुद्धा शेजारणीला विचारावी लागते. जगातली खबर हातात आहे, आणि स्वतःच्या नळाची नाही. डोकं फिरेल नाहीतर काय!

पंचायतीत गेले. ग्रामसेवक म्हणाला, "मावशी, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका." टाकला. उत्तर आलं, "सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही." मग कुठं उपलब्ध आहे, टाकीत? पुढं अपील करा म्हणतात. करीन, पण तोवर आळीतल्या लेकरांनी काय प्यायचं? त्याच आठवड्यात सरपंचबाईंचे मालक स्वतः ज्वारीचं दळण घेऊन आले. एरवी गडी येतो. बाकड्यावर बसून हसत म्हणाले, "मावशी, गिरणीचा ना-हरकत दाखला नवा करायचा असंल नव्हं औंदा? या की मग. आपलंच हाय सगळं." मी दळण बारीक करून दिलं, त्यांना लागतं तसं. माझाच राग आला मला.

सून म्हणाली, "आत्या, गप बसा आता. गिरणी बंद पडली तर खायचं काय? पाणी उकळून पिऊ."

"आपण उकळू. बाकीच्यांना कोण सांगणार?"

"साऱ्या गावाचा मक्ता तुमीच घेतलाव व्हय?"

तिचं खोटं नव्हतं. रात्रंदिवस लेकरापाशी तीच बसली होती. तरी मी चिडले, तुमचा फळा, तुमचा नियम, छडीची गोष्ट, सगळं तिला आरडून ऐकवलं. ती भांडी घासत राहिली.

मग मी ट्रंकेतून तुमची खडूची पेटी काढली. फळा अजून आहे, फक्त त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स टांगलेला असतो. खालची दोरी सोडून फ्लेक्स वर गुंडाळला आणि उजव्या अंगाला लिहिलं, "टाकीचं पाणी प्यायचं का नाही?" सकाळी ओल्या फडक्यानं पुसलेलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलेलं. त्यानंतर पंचायतीचा शिपाई येऊन सांगून गेला, गिरणीची तपासणी लागणार आहे म्हणून. मी पेटी माळ्यावर फेकली. मेलं ते पाणी आणि मेला तो फळा, म्हटलं.

आणि दोन दिवसांनी सकाळी बघते, तर फळ्यावर तोच प्रश्न. लाल खडूनं, माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात. खाली लिहिलेलं, "उत्तर येईपर्यंत पुसू नये." तीन-चार बायका घागरी घेऊन वाचत उभ्या होत्या. मी तशीच घरी परतले. सून चुलीपुढं भाकरी थापत होती, आणि तिच्या पदराच्या काठाला लाल भुकटी लागलेली होती. मान वर न करता म्हणाली, "काय बघताव? चहा निवायलाय."

उत्तर अजून आलेलं नाही. प्रश्न पुसला जातो, सकाळी परत दिसतो, आणि आता अक्षरं एकाच हातची नसतात. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, गुरुजी? खडूच्या पेटीतच ठेवते. पण एक तुमच्यापाशी बोलायचं राहिलं. लाल अक्षरं दिसली त्या दिवशी मी फळा बघायला गेलेच नव्हते. तो नजरेला पडू नये म्हणून मागच्या गल्लीनं निघाले होते. तिथं ट्रॅक्टर आडवा लागला होता, म्हणून चावडीपुढच्या चौकातून वळले.