पोट सुटलेली भिंत

ती. दाजींना,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच मानून घ्या, वाकायला कंबर अजून नाही म्हणते.) तुम्ही ठणठणीत असाल. ताईही बरी असेल असं धरून चालतो, कारण तुमच्या एवढ्या लांबलचक पत्रात तिच्याबद्दल एक ओळ नाही. सगळी पानं त्या सुताराच्या उद्धारात खर्ची पडली. नवी खिडकी त्याने मध्येच वाकडी बसवली, दोनदा उचकटायला लावली तरी तशीच, वगैरे. त्याच्याकडे नंतर येतो. आधी माझी भिंत ऐका.

एका मास्तरीणबाईंच्या न्हाणीघरात टाइल्स लावत होतो. मागे सरून बघतो तर मधले सांधे पोट सुटल्यासारखे बाहेर आलेले! या धंद्यात तुम्हीच मला आणलंत, माझ्या हातून सांधा चुकत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. (एकदा चुकला, तो तुमच्याच घरात, आणि तिथे आता कपाट आहे.) ओळंबा सोडला, तर त्याची दोरीही मध्येच लचकली. पाणसळ लावली, बुडबुडा बरोबर जागेवर, पण पट्टीच वाकडी. म्हणजे पट्टी विकणारा चोर, दोरी विकणारा चोर आणि टाइलचा कारखानदार महाचोर. सगळं उखडून पुन्हा लावलं. पुन्हा पोट. मास्तरीणबाई म्हणाल्या, मला तर सरळ दिसतंय हो. मी म्हटलं, तुम्ही आपली मुलं शिकवा. तेव्हापासून चहा बंद झाला.

शेवटी उजव्या डोळ्यात सिमेंटचा कण उडाला म्हणून तो डोळा मिटला, तर भिंत एकदम ताठ! कण काढून डोळा उघडला, पोट. मिटला, ताठ. असं बराच वेळ चाललं होतं. दारात मास्तरीणबाई उभ्या होत्या हे मला फार उशिरा कळलं. मी डोळा मारत नव्हतो हे त्यांना अजून पटलेलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी चौकटींचा एक कागद पुढे धरला. (मला! चौकटी!) मधल्या वाकड्या आहेत, आखणाऱ्याला कामावरून काढा, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, डोळ्यात मागे पडदा असतो, त्याच्या बरोबर मध्यभागाखाली पाणी साचून तो फुगलाय, म्हणून समोरचं सरळ असलं तरी मध्येच वाकडं दिसतं. हे मला लगेच समजलं. खाली ओल धरली की फरशी उचलते, तसंच. मग उखडून नव्याने बसवा की! तर नाही. बहुतेकदा ओल आपोआप सुकते, काही महिने थांबा, झोप काढा आणि चिडू नका. चिडू नका! काम बंद, चांगली भिंत स्वतःच्या हाताने फोडलेली, आणि चिडायचं नाही! नाही सुकली तर नजर मध्येच अधू राहू शकते, हेही त्यांनी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं. दाजी, तिथून निघताना मी घाबरलो होतो. मला दुसरं येतं काय?

ताईला नमस्कार.

तुमचा (न चिडलेला) मेव्हणा

ता. क. – कुठल्या गोळ्या घेता, असंही डॉक्टरबाईंनी विचारलं. कंबरेसाठी तुम्ही दिलेल्या पांढऱ्या गोळ्या दाखवल्या. त्यात स्टेरॉइड आहे म्हणे, त्यानेही डोळ्यात असं पाणी साचू शकतं. भांडत नाही, कंबरेला आराम पडला होता. पण डबी तुमची, आणि तुम्ही माझ्याही आधीपासून घेताय.

पुन्हा ता. क. – सुताराला तिसऱ्यांदा बोलावण्याआधी खिडकीसमोर उभे राहा आणि एकेक डोळा मिटून बघा. एका डोळ्याने सरळ आणि दुसऱ्याने वाकडी दिसली, तर गोळ्या मनाने बंद करू नका (तेही वाईट म्हणे), पहिल्या गाडीने इकडे या. डॉक्टरबाईंकडे मी नेतो. ताईलाही खिडकी दाखवा. तिलाही वाकडीच दिसली तर लगेच कळवा. देव करो आणि तो सुतारच चोर निघो.