आधी काडी भिजवायची

कुडवा, गोंदिया
१९ फेब्रुवारी

जमुनाताई,

नमस्कार. लेकीला माझा पापा.

बारा दिवसांपासून हे पत्र लिहीन लिहीन म्हणत टाळून राहिलो. पेन होता, कागद होता, तोंड नव्हतं. तू माझा फोन कापते, ते बरोबरच आहे. म्हणून कागदावर.

आधी चांगलं सांगतो. दहावीत दोनदा बसलेला तुझा भाऊ आता खत तपासतो. इथे मंजू मॅडमची लहानशी प्रयोगशाळा आहे. त्यांनी पेनासारखी एक काडी दिली, सेन्सर म्हणतात. खत पाण्यात विरघळवायचं, काडी बुडवायची. टोकाशी बारीकशी वीज उठते, तिच्यावरून पोटॅश किती ते काडीला जोडलेल्या डब्यावर दिसतं. मी ती घेऊन गावोगाव फिरतो. फिरण्याचाच पगार, बोल. एका गावी चहावाल्याकडे पोपट आहे, हिंदीतून शिव्या देतो. पण ते राहू दे.

त्या दिवशी तुमच्या अर्जुनीला येताना वाटेत शंकरपट लागला. बैलजोड्या धावून राहिल्या आणि मी पुढे जाईन? दुपारभर थांबलो. काडीचं टोक ओलं ठेवावं लागते, पाणी भरलेल्या टोपणात. टोपण कुठे पडलं, पाहिलंच नाही. टोक उन्हात वाळलं. तसाच तुझ्या सासऱ्यांच्या कृषी केंद्रावर आलो अन् पंधरा जणांसमोर म्हणालो, "मामाजी, तुमच्या पोटॅशमध्ये आधाच माल आहे."

मामाजी एवढंच म्हणाले, "तपासून बोलून राहिला न बाबू?"

मी हो म्हणालो.

मॅडमकडे एक बाटली असते, तिच्यात किती पोटॅश आहे ते आधीच ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी तिच्यात काडी बुडवली, तर तिथेही आकडा आधाच. काडी दिवसभर भिजत ठेवली, मामाजींच्या दुकानातून सोबत आणलेली खताची पुडी परत मोजली. पूर्ण भरली, ताई. मॅडमला सांगितलं तर म्हणतात, "मेरे को क्या बता रहा है? जिथे बोललास तिथे जाऊन बोल."

नऊ दिवस पाय निघाला नाही. परवा गेलो. बाजाराचा दिवस, मामाजींच्या दुकानासमोरचाच चौक. आधी बाटलीतला आकडा दाखवला, मग खतातला. मोठ्यानं म्हणालो, "खत चांगलं होतं. चूक माझी होती."

एक जण म्हणाला, "मंग आता तुयं काऊन मानाव?"

म्हटलं, "मानू नका, पाहा."

दोघांनी स्वतःच्या हातानं काडी बुडवून पाहिली. माझा आवाज हलला नाही. एवढा ताठ मी जन्मात उभा राहिलो नव्हतो. तू पाहायला पाहिजे होतीस. मामाजी मात्र दुकानातच बसून होते, बाहेर आले नाहीत. मी बस धरली.

थांब, दारात गाडी थांबली.

ताई, तुझे सासरेच आले आहेत. गोंदियातून नवा माल उचलला म्हणे, तीन पुड्या घेऊन उभे आहेत. "विकाच्या आधी पाहून दे. काडी भिजवली न बे, का पटाले जाऊन आला?"

भिजवली आहे. तपासून झालं की हे पत्र त्यांच्याच हाती देतो. आता फोन उचल.

पाहूनच बोलणारा तुझा भाऊ,
दुर्गेश