सरूताईनं न दाबलेलं बटन

धामणगाव बढे
दि. १२ ऑगस्ट २००१

चि. मोतीरामास सरूताईचे मनापासून आशीर्वाद वि. वि.

राखीला येऊन गेलास, बरं वाटलं. तुझ्या भाच्या अजून तुझी पुण्याची भाषा बोलून दाखवतात अन् हसतात. इकडे सगळे खुशाल. कपाशी बरी आहे.

एक वाईट लिहायचं आहे. यांनी फोनवर थोडं सांगितलंच आहे, पण बूथवर चार माणसं ऐकतात म्हणून मी पत्रात लिहिते. तू कॉम्प्युटरवर विंडोज नवी टाकून गेलास, अन् सकाळपर्यंत मशीन लावू नको म्हणालास. मी सकाळीच लावलं. एक खिडकी आली, मी ‘यस’ दाबलं. त्यानंतर मराठीचा प्रोग्राम उघडेचना. शाळेच्या पुस्तिकेच्या फायली जागेवर आहेत, पण उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं, चौकोन अन् टिंबं.

हे मशीन आपण खामगावच्या प्रेसवाल्याकडून जुनं घेतलं, मराठी त्याच्यातच होती. सीडी नाही, अन् ती प्रेसही बंद झाली. म्हणूनच तुला तीनदा विचारलं होतं की विंडोज बदलली तरी प्रोग्राम राहतील ना. तू म्हणालास, जुन्याच फोल्डरवर नवी टाकली की सगळं जागच्या जागी राहतं. राहिलंच असणार. माझाच हात गेला.

मुलींच्या शाळेच्या पहिल्या तुकड्यांतल्या एक्केचाळीस जणी, आता आज्या झालेल्या. त्या माझ्याजवळ बसून आठवणी सांगत अन् मी थेट मशीनवर उतरवत गेले. कागदावर ओळही नाही. मुख्याध्यापिका सत्यभामाबाईंच्या पाया पडून मी चूक कबूल केली. त्यांनी मला पाणी दिलं. मामाजी मात्र ओट्यावर सगळ्यांदेखत म्हणाले की बाईमाणसाच्या हाती, अन् तेही सुनेच्या, मशीन देऊन आपणच चुकलो.

काही उपाय असेल तर कळव. जेवणाची आबाळ करू नको.

तुझी,
सरूताई

पुणे
दि. २७ ऑगस्ट २००१

ती. ताईस मोतीरामचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पोहोचलं. कामाच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला. कॉम्प्युटरमध्ये असे प्रकार होतातच, तू फार मनाला लावून घेऊ नकोस. तो मराठी प्रोग्राम इथं विचारून पाहिला, आता कुणी विकत नाही. पुस्तिकेसाठी बायकांकडून पुन्हा माहिती घेता येईल का पाहा. भाच्यांसाठी रंगीत पेन्सिली पाठवतो आहे.

भाऊजींना, मामाजींना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
मोतीराम

धामणगाव बढे
दि. १९ सप्टेंबर २००१

चि. मोतीरामास आशीर्वाद वि. वि.

पेन्सिली पोचल्या. पोरी खुश आहेत.

तू लिहिलंस तसं बायकांकडे पुन्हा गेले. सतरा जणींनी सांगितलं, पण आता त्या आखडून बोलतात, पहिल्यासारखं येत नाही. दोघींच्या सुनांनी दारातूनच सांगितलं की एकदा सांगून झालं, तुमच्यापाशी ते राहत नाही. तानुबाई तर मागल्या सोमवारी गेल्या. नवऱ्यापासून चोरून पाटी कशी पदराखाली नेत, हे त्यांनी मला दोन दुपारी सांगितलं होतं. त्यांची लेक शालूबाई तेराव्याच्या आधीच आली अन् म्हणाली, मायनं सांगतलेलं वाचून दाखव. मी तिला चौकोन दाखवले. ती बिचारी उठून गेली.

मशीनवर आता चादर टाकली आहे. त्या खोलीत गुरांच्या ढेपेचं पोतं ठेवलं. टायपिंगला माणसं आली की हे परत पाठवतात. खरं सांगू का, आता पोरींच्या शाळेचा फॉर्म भरतानाही हात थांबतो. वाटतं, इथंही काही चुकीचं दाबीन.

ही माझी चूक मी कुठं फेडू, एवढंच कळत नाही.

तुझी,
ताई

पुणे
दि. २५ सप्टेंबर २००१

ताई,

नमस्काराचे शब्द लिहायला बसलो अन् दोन कागद फाडले. तसंच लिहितो.

तू ‘यस’ दाबलं त्यानं काही बिघडलं नाही. म्याच केलं.

त्या दिवशी जुन्या फोल्डरवर नवी विंडोज टाकून राह्यलो होतो. तसंच करा लागते, ते मले माहीत होतं. पण जुन्याले हात लागायच्या आधीच अडकली. दुसऱ्यांदा लावली तवा मशीननं विचारलं, कुठं टाकू. साडेचारची एस. टी. होती. भाऊजी मित्रायले सांगून राह्यले होते का आमचा साळा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअर हाय. पुन्हा अडकली तर त्यायच्यापुढं फजिती होईन म्हणून म्या दुसरी जागा दिली, ‘विन-टू’ नावाची. विंडोज तिथं बसली, पण तिले जुन्या प्रोग्रामची ओळखच नाही. म्या मराठी लावून पाह्यली. चालली नाही. मले तवाच समजलं, अन् म्या मशीन बंद करून तुले सकाळपर्यंत लावू नको म्हटलं.

मंग भाऊजीचा फोन आला तवा मीच बोललो का ताईनं काही दाबलं असन.

मी इंजिनिअर नाही ताई. दुकानात मशीन पुसतो, वायरी जोडतो. तानुबाईचं वाचलं अन् हे पत्र लिहायले बसलो.

जुनी विंडोज पुसली गेलेली नाही, तिच्या जागेवर पडून हाय. आधीच सांगतलं असतं तर तानुबाईच्या जिवंतपणी काम झालं असतं. मी यायले तयार आहो, पण मालक दिवाळीपर्यंत सुटी देत नाही. सोबतच्या कागदावर एकेक पायरी लिहिली. पहिले सगळ्या फायली फ्लॉपीवर घे. मंग एका लहानशा फाईलमध्ये ‘विन-टू’ लिहिलं हाय तिथं जुन्या फोल्डरचं नाव लिहायचं, अन् मशीन बंद करून लावायचं. तुझ्या हातानं होते. पुस्तिका छापून होईस्तोवर नवी विंडोज टाकू नको.

हे पत्र मामाजीले, भाऊजीले अन् सत्यभामाबाईले दाखव.

मोतीराम

धामणगाव बढे
दि. १४ ऑक्टोबर २००१

चि. मोतीरामास आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोन दिवस कुणाला दाखवलं नाही. मशीन आपोआप सुधरलं म्हणून सांगता आलं असतं, तुझी लाज राहिली असती. मग मनात आलं की माझी गेली ती कुणी राखली? रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांसमोर वाचलं, इंजिनिअरचं सुद्धा. हे उठून बाहेर गेले. मामाजी मग म्हणाले, आपण सगळ्या गावाले सांगत फिरलो, आता कोणत्या तोंडानं जावं.

पण गेले. दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून सत्यभामाबाईंच्या घरी जाऊन सांगून आले की चूक सुनेची नव्हती. येऊन पोतं त्यांनीच ओढून बाहेर काढलं.

मी तुझा कागद समोर ठेवून बसले. पहिल्यांदा नाव लिहिताना एक अक्षर चुकलं, मशीन उघडलंच नाही. तू पुढल्या पायरीत तेही लिहून ठेवलं होतंस, त्याप्रमाणे केलं. दुसऱ्यांदा जुना निळा पडदा आला, मराठीचं चित्र आलं. फाईल उघडली अन् अक्षरं जशीच्या तशी.

शालूबाईला बोलावलं. तानुबाईंची अडीच पानं वाचून दाखवली. तिनं पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, माय अशीच बोले.

मोतीराम, तू खोटं बोललास त्याचं दुःख आहे. पण मी स्वतःच ते खरं मानत गेले, त्याचं जास्त आहे. हे एवढ्यात जाणार नाही, तुला माफ केलं असं लिहून मोकळी होत नाही.

भाऊबीजेला ये. हे बहुतेक बोलणार नाहीत तुझ्याशी, मामाजी चार माणसांत टोमणा मारतील, शालूबाईही भेटायला येईल. ते सगळं तुला बसून ऐकावं लागेल. बसून ऐक. पाट मी मांडून ठेवते.

तुझी,
सरूताई